आवाजाची फेक : क्रियापद शेवटच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. करवीर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये तुम्ही आठवी-नववीला इतिहास शिकवता. वर्गात साठच्या वर मुलं, वर पत्रा. मागच्या दोन ओळी रोज म्हणतात, "मॅडम, ऐकू आलं नाही." चौथ्या तासाला घसा धरतो आणि शनिवारी आवाज बसलेला असतो. आवाज मुळातच बारीक आहे, तो मोठा करता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

येईल. पण त्याआधी एक गोष्ट तपासून बघा. उद्या शेवटच्या बाकावरच्या चार मुलांना कोरा कागद द्या. तुम्ही नेहमीसारखं शिकवत राहा आणि तुमची कुठलीही पाच वाक्यं, जशी ऐकू आली तशी, त्यांना लिहायला सांगा. पंचवीस वर्षं मी शिक्षकांना, वकिलांना आणि हौशी नटांना आवाजाची फेक शिकवतोय. ही चाचणी मी पहिल्याच दिवशी घेतो. कागदावर वाक्याची सुरुवात बहुतेक वेळा बरोबर उतरलेली असते आणि शेवट गायब असतो. "शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा" एवढं असतं. पुढचं "राखून ठेवल्या" पोरानं एक तर अंदाजानं लिहिलेलं असतं, नाहीतर सोडून दिलेलं असतं.

मराठीत ही चूक फार महाग पडते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. काम झालं की व्हायचंय, कुणी केलं, होय की नाही, हे सगळं शेवटच्या दोन-तीन अक्षरांत असतं. "सोमवारी चाचणी होणार" इथवर मुलाला ऐकू आलं आणि "नाही" हवेत विरलं, तर ते पोर रविवारी रात्रभर अभ्यास करतं. आपण मात्र पहिल्या शब्दावर सगळा जोर लावतो, कारण तेव्हा छातीत हवा भरलेली असते. क्रियापदापर्यंत येता येता हवा संपते, आवाज खाली पडतो, आणि त्या पडलेल्या आवाजाला उचलायला गळा आवळला जातो. तुमचा घसा चौथ्या तासाला धरतो तो बहुतेक या आवळण्यानं. म्हणजे ऐकू न जाणं आणि घसा दुखणं ही तुमची दोन दुखणी एकाच जागी आहेत, आणि ती जागा वाक्याच्या शेवटाला आहे.

हे मला शिकवलं आमच्या एका दिग्दर्शकांनी. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी चालू होत्या. एक दिवस कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात रंगीत तालीम होती आणि ते सगळ्यात मागच्या रांगेत जाऊन बसले. कुणाच्याही वाक्याचा शेवट पडला की हातातली किल्ली ते खुर्चीच्या हातावर वाजवायचे. टक्. बोलत काहीच नव्हते. पहिल्या अंकात माझ्या वाट्याला इतक्या टकटक आल्या, की मी चिडून ओरडायलाच लागलो. मग तर टकटक वाढली, कारण ओरडताना पहिले तीन शब्द गरजत होते आणि शेवटचा आणखीच मरत होता. दुसऱ्या अंकापर्यंत माझा आवाज फाटला. तो दिवस मी विसरलेलो नाही. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेलं ते नाट्यगृह माइक नसलेल्या काळातलं. तिथं नटाचं "नाही" शेवटच्या रांगेपर्यंत जायलाच लागायचं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते जळालं तेव्हा मला ती मागची रांगच आधी आठवली.

आता कामाला लागू. सुरुवात श्वासापासून.

घरी सतरंजीवर उताणं झोपा, गुडघे उभे ठेवा आणि बेंबीवर इतिहासाचं पुस्तक ठेवा. श्वास घेताना पुस्तक वर आलं पाहिजे, सोडताना हळूहळू खाली गेलं पाहिजे. छाती आणि पोट यांच्यामध्ये जो स्नायूंचा पडदा आहे तो श्वास घेताना खाली उतरतो, पोटातल्या अवयवांना जागा लागते, म्हणून पोट पुढे येतं. खांदे वर ओढून घेतलेला श्वास वरवरचा असतो आणि मानेचे स्नायू आधीच ताणून ठेवतो. झोपून जमलं की बसून करा, मग उभ्यानं. बरगड्यांच्या खालच्या टोकांवर, कमरेच्या थोडं वर, दोन्ही हात ठेवलेत तर बाजूंनाही फुगल्यासारखं जाणवेल. ते हवंच आहे.

इथं एक गोष्ट मी बायकांना मुद्दाम विचारतो, कारण पुस्तकांत ती सापडत नाही. परकराची नाडी किती आवळून बांधता? साडी सुटू नये म्हणून ती इतकी करकचून बांधलेली असते, की पोटाला पुढे यायला जागाच राहत नाही. मग श्वास छातीत वरच अडकतो. नाडी दोन बोटं सैल करा, किंवा परकराला रुंद पट्टा लावून घ्या. माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकेला एवढ्या एका बदलानं पहिल्याच आठवड्यात फरक जाणवला होता. पुरुषांच्या पट्ट्याचंही तेच आहे.

यानंतर "स्‌ऽऽऽ" असा बारीक, एकसारखा आवाज करत श्वास सोडायचा. घड्याळ लावा. सुरुवातीला दहा-बारा सेकंदांत धाप लागेल, महिन्याभरात वीस-पंचवीसपर्यंत जाल. पण सेकंदांच्या मागे लागू नका. मला बघायचं असतं ते हे, की शेवटच्या दोन सेकंदांतला "स्" पहिल्या दोन सेकंदांइतकाच भरलेला आहे का. तो थरथरायला लागला की थांबायचं. फुप्फुसातली शेवटची हवा पिळून काढायची नाही, तिथंच गळा मध्ये येतो.

आणि वर्गात? वाक्यं लहान करा. इतिहासाची वाक्यं लांबतात, मला कल्पना आहे. "अफजलखान वाईला आला. महाराज प्रतापगडावर होते." दोन वाक्यं, दोन श्वास. एका दमात चार घटना सांगायला गेलात तर चौथी घटना मागच्या बाकापर्यंत जाणारच नाही. वाक्य संपल्यावर थांबायला लाजू नका. तुम्ही श्वास घेता तेवढ्या वेळात मुलं लिहून घेतात.

आता आवाज बारीक आहे त्याबद्दल. गळ्यातल्या स्वरयंत्रात दोन नाजूक पडद्या असतात, स्वरतंतू म्हणतात त्यांना. बाईच्या बोलण्यात त्या सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकींवर आपटतात. पस्तीस मिनिटांच्या तासात तुम्ही निम्मा वेळ बोललात असं धरलं, तरी हा आकडा दोन लाखांवर जातो. दिवसाला पाच तास घेतले तर दहा लाख. आता हे आपटणं ओरडून जोरात केलं तर काय होईल ते बघा. टाळ्या वाजवून हाताला घट्टे पडतात, तशा तिथं गाठी येतात. मुलामुलींना शिकवणाऱ्यांत त्या खूप दिसतात.

ओरडून उपयोगही होत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. तुमच्यापासून पहिला बाक दीड मीटरवर आणि शेवटचा सहा मीटरवर धरला तर अंतर दोनदा दुप्पट झालं, बारा डेसिबल गेले. भिंती थोडं परत देतात हे खरं, पण वर पंखा आणि मध्ये पन्नास मुलं असताना ही तूट गळ्यानं भरून निघत नाही. भरून निघते ती घुमाऱ्यानं. माणसाचा कान सेकंदाला दोन ते चार हजार कंपनांच्या पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण असतो. आवाजात त्या पट्ट्याचा अंश असला की तो लहान असूनही दूर जातो. आपण त्यालाच खणखणीत आवाज म्हणतो. पितळी ताटावर चमचा आपटल्यासारखा. तुमचा आवाज बारीक असला तरी खणखणीत होऊ शकतो, आणि भरदार पण घोगऱ्या आवाजापेक्षा तो लांब जाईल.

त्यासाठी ओठ अलगद मिटा, दात एकमेकांपासून सुटे ठेवा आणि "म्‌ऽऽऽ" करा. ओठांना, नाकाच्या मुळाशी झिणझिण्या आल्या पाहिजेत. येत नसतील तर सूर थोडा वर-खाली करून बघा, एका जागी त्या सापडतात. सापडल्या की त्याच सुरात "म्‌ऽऽमा, म्‌ऽऽमी, म्‌ऽऽमू" म्हणा आणि तोंड उघडल्यावरही झिणझिण्या हरवू देऊ नका. मग "माझं मत", "मुलांनो, मागचं पान". मग पूर्ण वाक्य. सकाळी भाकरी थापताना, शाळेला जाताना गाडीवर, कुठंही पाच-सात मिनिटं करा. एका वेळी अर्धा तास करण्यापेक्षा दिवसातून चारदा पाच मिनिटं बरी.

दुसरा व्यायाम स्ट्रॉचा. पेल्यात पाणी घ्या, स्ट्रॉ दोन-तीन बोटं बुडवा आणि "ऊऽऽ" असा आवाज करत बुडबुडे काढा. गाल सैल. सूर हळू खालून वर, वरून खाली न्या. तोंडाच्या टोकाला अडथळा असल्यानं आत परतीचा दाब तयार होतो आणि स्वरतंतूंना कमी आपटून कंप पावता येतं. थकलेल्या आवाजाला हे औषधासारखं लागू पडतं. मधल्या सुट्टीत दोन मिनिटं कराच. स्ट्रॉ नसेल तर लहान मुलं मोटार चालवताना ओठांनी "फुर्रर्र" करतात ना, तेच आवाजासकट करा.

आपल्या गावात हे काही नवीन नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते, त्यांच्या परंपरेतले गवय्ये इथं राहिले, शिकवून गेले. पहाटे खर्ज भरायचा, खालच्या सुरात सावकाश, हा त्यांचा नेम. खुद्द खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी एका दरबारात अति गाऊन गेला होता आणि नंतर त्यांनी त्या बदललेल्या आवाजातून आपली गायकी नव्यानं उभी केली, असं सांगतात. तुम्हाला गायचं नाही, पण पहाटेच्या खर्जातली सावकाशी तुम्हालाही लागू आहे. पहिल्या तासाला थंड आवाजानं एकदम वर्गावर तुटून पडू नका.

आता मला सगळ्यात प्रिय असलेला भाग. वाक्याचा शेवट कसा उचलून धरायचा, हे कोल्हापूरच्या माणसाला मुळातच येतं. आपल्याला फक्त ते वर्गात आणायचंय.

हाळी आठवा. एका बांधावरून दुसऱ्या बांधावरच्या बाईला हाक मारताना कुणी गळा आवळत नाही. आधी पोटातून श्वास घेतला जातो, तोंड चांगलं उघडतं, सूर किंचित चढतो आणि शेवटचा स्वर लांबतो. "अगं एऽऽऽ!" शेवट पडला तर हाळी गेलीच नाही. ज्योतिबाच्या डोंगरावर जाऊन बघा. चैत्री यात्रेत दमलेली, वाड्या-वस्त्यांवरून चालत आलेली माणसं, पण "ज्योतिबाच्या नावानं" असं कुणी म्हटलं की "चांगभलं!" कसं उठतं? "चां"वर तोंड उघडतं, अनुस्वारानं नाकात घुमारा येतो, आणि जोर जातो तो शेवटच्या "लं"वर. मी शिकवताना प्रत्येकाकडून हे दहा वेळा म्हणून घेतो. ओरडून नाही, समोरच्या भिंतीवरच्या एका खिळ्याकडे बघून, तो खिळा हलवायचाय असं समजून. मग त्याच श्वासानं, त्याच तोंडानं लगेच वर्गातलं वाक्य म्हणायचं: "तह पुरंदरला झाला." "झाला" तिथंच जाऊन लागला पाहिजे, जिथं "भलं" लागलं होतं.

आणि आपला "की". बाहेरगावची माणसं त्यावरून आपली थट्टा करतात, पण आवाजाच्या दृष्टीनं तो सोन्यासारखा आहे. "येतो की." "आहे की." "सांगितलं की." वाक्याच्या टोकाला हा "की" असला की आवाज पडूच शकत नाही. म्हणून सराव असा करा. घरी उद्याचा धडा काढा आणि प्रत्येक वाक्याला "की" लावून मोठ्यानं वाचा. "दुसरं महायुद्ध १९३९ ला सुरू झालं की. १९४५ ला संपलं की." एक पान झालं की तेच पान "की" न लावता वाचा, पण क्रियापदाला तोच उठाव द्या. "की" मनात म्हणा, तोंडानं नको. आठवडाभर रोज एक पान. शिकवण्याच्या माझ्या सगळ्या वर्षांत मराठी बोलणाऱ्यासाठी याहून सोपा आणि हमखास व्यायाम मला सापडलेला नाही. कन्नड वळणाची मराठी बोलणाऱ्या सीमाभागातल्या शिक्षकांनाही तो लगेच जमतो.

व्यंजनांकडेही लक्ष हवं. स्वर आवाज वाहून नेतात, पण शब्द कुठला ते व्यंजनं सांगतात. "वात, वाट, वाढ, वाघ" हे चार शब्द शेवटच्या बाकाला वेगळे ऐकू येतात का बघा. "पाट" आणि "पाठ"? शेवटचं व्यंजन आपण गिळतो. "गड" म्हणताना "ड"वर जीभ उचलून सोडा. महाप्राण अक्षरांत, ख, घ, ठ, भ यांत, हवा बाहेर पडलेली तळहाताला लागली पाहिजे. मात्र माइकसमोर हेच कमी करायचं, नाहीतर फटफट येते.

वर्गाबद्दल थोडं. फळ्याकडे तोंड करून बोललेलं सगळं फळाच ऐकतो. आधी लिहा, मग वळा, मग बोला. खिडकीबाहेर रस्ता असेल तर त्या बाजूची खिडकी लावा. आपल्याकडे जून ते ऑगस्ट पत्र्यावर पाऊस पडायला लागला की कुणाचाही आवाज आपसूक चढतो. गोंगाटात माणूस नकळत मोठ्यानं बोलतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरानं १९११ मध्येच मांडलं होतं. तुम्हाला कळतही नाही आणि गळ्याचं नुकसान होऊन बसतं. म्हणून सर आली की बोलणं थांबवा. लिहायचं काम द्या, नकाशा भरायला द्या, रांगांमधून फिरत चार-चार मुलांशी बोला. जोरदार सरीशी कुठलाही गळा जिंकत नाही. कमरेला लावायचा छोटा माइक वापरायची वेळ आली तर संकोच नको, पण त्यातही पडलेला शेवट पडलेलाच ऐकू येतो.

गोंधळ वाढला की त्याच्यावर चढून बोलू नका. गप्प राहा, टेबलावर डस्टर एकदा ठेवा, शांत झालं की नेहमीच्या आवाजात पहिलं वाक्य बोला. डस्टर ओला असला तर खडूची भुकटी घशात जात नाही, हेही लक्षात ठेवा.

घशाची निगा. दर तासाला दोन-चार घोट पाणी प्या, साधं. खाकरायची सवय मोडा, खाकरताना स्वरतंतू जोरात घासतात. त्याऐवजी आवंढा गिळा किंवा पाणी प्या. आवाज बसल्यावर कुजबुजू नका, बरेच जण ते विश्रांती समजून करतात आणि गळ्यावर आणखी ताण आणतात. हळू पण खऱ्या आवाजात बोला किंवा अजिबात बोलू नका. ज्येष्ठमधाची काडी, खडीसाखर यांनी घसा ओला राहतो, बरं वाटतं, पण ज्येष्ठमध रोज नको, त्यानं रक्तदाब वाढू शकतो. तांबडा रस्सा मलाही सोडवत नाही. पण रात्री उशिरा तिखट जेवून लगेच आडवं झालं की पोटातलं आम्ल घशापर्यंत येतं, आणि सकाळी आवाज घोगरा निघतो. जेवण आणि झोप यांत तीन तास तरी ठेवा.

शनिवारी बसलेला आवाज सोमवारी मोकळा होतोय तोवर हे व्यायाम पुरेसे आहेत. तीन आठवडे झाले आणि घोगरेपणा गेला नाही, किंवा बोलताना दुखायला लागलं, आवाज मध्येच तुटायला लागला, तर माझे व्यायाम बाजूला ठेवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. दुर्बिणीनं स्वरतंतू बघायला काही मिनिटंच लागतात. गाठी सुरुवातीला सापडल्या तर बहुतेक वेळा आवाजाला विश्रांती आणि वाचा-उपचार यांनीच बऱ्या होतात.

पहिले पंधरा दिवस फक्त नाडी, पुस्तक आणि "की", एवढंच धरा. मग त्याच चार मुलांना पुन्हा कोरा कागद द्या आणि कुठली क्रियापदं निसटली ती मला कळवा. "आहे" आणि "नाही" आले का, ते आधी बघा.